आत्याबाईंचे नवस आणि डॉक्टरीणबाईंची टोपी

माझ्या दोन मुलींमध्ये पाच वर्षांचं अंतर आहे. हल्ली कुणाला त्याचं काही वाटत नाही, पण पन्नासच्या दशकात आमच्या रहाटणीत एवढं अंतर म्हणजे शेजारणींना पाणवठ्यावर पुरून उरेल एवढा विषय होता. त्यातली पहिली तीन वर्षं आम्ही नवरा-बायकोनं ठरवून ठेवलेली होती. पुढची मात्र आमच्या हातातली राहिली नव्हती, आणि ती मी घाबरत काढली.

परवा नातसून गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकता टाकता म्हणाली, "आजी, या घेतल्या की पुढे मूल राहायला त्रास होतो म्हणतात. खरं का हो?" मला हसूच आलं. इतकी वर्षं गेली, नदीवर पूल झाले, गावाचं शहर झालं, प्रश्न मात्र जिथल्या तिथे. मी तिला म्हटलं, गोळ्यांचं तुझ्या डॉक्टरला विचार, मला त्यातलं कळत नाही. पण माझ्या वेळी काय झालं ते ऐकायचं असेल तर बस. ती ऑफिसला निघाली होती, बसली नाही. म्हणून लिहून ठेवते.

तेव्हाची रहाटणी म्हणजे पवनेच्या काठचं मूठभर उंबऱ्यांचं गाव. आमची जोंधळ्या-हरभऱ्याची शेती, दारात दोन बैल, एक म्हैस आणि माझ्या डोक्याला ताप देणाऱ्या कोंबड्या. नदीपलीकडे पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्या घरातून पहिल्यांदा नोकरीला गेले ते आमचे हे. नावेतून पलीकडे जायचे, खाकी पँट घालून परत यायचे. गावातली पोरं त्यांना "काय राव, साहेब झाला!" म्हणून चिडवायची. घरात ते, मी आणि सासूबाई. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई अंगानं काडी, आवाजानं तोफ. अकरा बाळंतपणं झालेली, त्यातली चार मुलं हाताला लागलेली. हे त्या चारांतले शेवटचे.

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा मी जेमतेम अठराची असेन. सुईणीनं पोर सोडवली, पण रक्त थांबेना. आत्याबाईंनी मला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत घातलं, नदीवर नाव थांबवून धरली आणि पिंपरीला कारखान्याच्या दवाखान्यात पोचवलं. तो बुधवार होता हे माझं नशीब. पुण्याहून एक डॉक्टरीणबाई बायकांना तपासायला फक्त बुधवारी येत. सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, बोलणं थोडकं. त्या दिवशी त्या परतीची गाडी सोडून माझ्या उशाशी बसून राहिल्या. मी शुद्धीवर आले तेव्हा माझा एक हात त्यांच्या हातात होता, नाडी बघायला, आणि दुसरा आत्याबाईंच्या हातात, उगीचच.

निघताना डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. निदान तीन वर्षं दुसरं मूल नको. लगेच राहिलं तर मी हिला वाचवू शकेन असं सांगत नाही." ह्यांनी मान हलवली. पण नुसती मान हलवून मूल थांबत नाही, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक होतं. अंग भरून आल्यावर त्यांनी मला परत बोलावलं आणि पडद्यामागे नेऊन एक टोपी दाखवली. वाटीएवढी, मऊ रबराची, कडेनं आत तार घातलेली. सोबत ट्यूबमधलं मलम. कशी बसवायची, सकाळी कधी काढायची, धुऊन वाळवून पावडर लावून डबीत कशी ठेवायची, सगळं त्यांनी शिकवलं. मी पदर तोंडात कोंबून हसत होते आणि त्या शाळेतल्या बाईंसारख्या मी हसून संपायची वाट बघत होत्या.

मी एवढंच विचारलं, "पुन्हा कधी मूल होईल ना हो मला?"

"ही टोपी म्हणजे दाराची कडी," त्या म्हणाल्या. "लावलीस की दार बंद, काढलीस की उघडं. दाराला काही होत नाही. पुरुषांचं ऑपरेशन करतात हल्ली, ते म्हणजे दार विटांनी बुजवून टाकणं. ते तुम्हाला आत्ता नको."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

आता ही गोष्ट सासूपासून लपवायची कशी? एक माजघर, एक ओसरी, पलीकडे गोठा, असं आमचं घर. ती धुऊन वाळवायची तरी कुठे? मी ती गोठ्यामागे पालथ्या पाटीखाली वाळवायची, आणि हे कामावरून आलेले असले तर तिथेच विडी ओढत पहाऱ्याला बसायचे. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी पाटी कलंडली आणि आमच्या तांबड्या कोंबडीला ती पावडर लावलेली टोपी म्हणजे पिठाची भाकरी वाटली असावी. ती टोपी चोचीत धरून अंगणभर पळाली. मागे चार कोंबड्या, त्यांच्यामागे अर्धी दाढी झालेले हे, आणि दारात आत्याबाई. कोंबडी पकडण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. त्यांनी पंख धरून तिला उचललं, चोचीतून टोपी काढली, उजेडात धरून पाहिली.

"हे काय हाय रं?"

ह्यांनी दाढीचा साबण पुसायला सुरुवात केली. मग मीच सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण आत्याबाई मटकन ओट्यावर बसल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं.

"माझ्या धाकल्या भनीनं असंच केलं हुतं," त्या म्हणाल्या. "लागोपाठ पोरं झाली म्हून वैदूकडून कसल्या मुळ्या घेतल्या. त्या आत सारल्या. महिनाभर तापानं फणफणली. जगली, पर पुन्यांदा पोटात लेकरू म्हून राह्यलं न्हाई. हुती ती लेकरं बी पुढं देवी येऊन गेली. ती आजून रडती. तुझं तसं झालं तर म्या काय करू?"

मी त्यांना दाराच्या कडीचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. ह्यांनी शेताच्या भाषेत समजावून पाहिलं, "आई, रान न्हाई का आपण पड टाकीत? इसावा मिळाला का दुसऱ्या वर्साला जोरात येतंय." त्यावर आत्याबाई फाडकन म्हणाल्या, "पड टाकल्यालं रान हराळीनं भरतं, ते न्हाई सांगत त्यो!" ह्यांनी उरलेली अर्धी दाढी करायला घेतली. हराळी उपटून त्यांचीच कंबर मोडलेली होती.

पण माझं रक्त थांबत नव्हतं तो दिवस आत्याबाईंनी डोळ्यांनी पाहिला होता. शेवटी त्यांनीच तोड काढली. "पोर तीन वर्सांची झाली का ही डबी माझ्या हातात द्याची. तवर म्या तोंड उघडणार न्हाई." आणि खरोखर तीन वर्षं त्यांनी तोंड उघडलं नाही. उलट गोठ्यामागच्या पाटीवर दगड ठेवायला कधी विसरल्या नाहीत. त्या तीन वर्षांत मी माणसांत आले. माझ्या गालावर रंग आला, मी पाण्याच्या दोन-दोन खेपा दम न लागता करू लागले, आणि मुलगी अंगावर प्यायली तोवर मनसोक्त प्यायली. ही तीन वर्षं मला मिळाली नसती तर हे लिहायला मी नसतेच, असं मला आजही वाटतं.

मुलगी तीन वर्षांची झाली आणि मी डबी आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती फडक्यात बांधली आणि नदीकडे निघून गेल्या. पवनेत सोडली असणार, असं आम्ही धरून चाललो.

मग आम्ही वाट बघू लागलो. सुगी आली, गेली. पाऊस आला, गेला. माझी पाळी नेमानं येत राहिली. पहिल्यांदा मी मनाला समजावलं. मग समजावणं जमेना. शेतात खुरपताना एकदम मनात यायचं, कडी गंजली असेल तर? दार कायमचंच बसलं असेल तर? डॉक्टरीणबाईंचा एकेक शब्द मला पाठ होता, पण वर्ष उलटून गेल्यावर पाठ शब्द पुरत नाहीत. मी फार घाबरले होते. मूल तर मला हवंच होतं, पण त्याहून मोठी भीती अशी, की माझा जीव वाचवणारी गोष्टच मला वांझ करून गेली असेल, तर मी राग धरायचा कुणावर?

गावाला राग धरायला सोपं होतं. टोपीची बातमी त्या कोंबडीमागोमाग केव्हाच गावभर झाली होती.

भावकीतल्या एका जावेचं ओटीभरण होतं. आमच्याकडे पोटुशी बाईची ओटी लेकुरवाळ्या भरतात, म्हणजे जिची कूस फळलेली आहे तिचा हात लागावा म्हणून. माझी एक मुलगी पदरात होती, म्हणून मीही रांगेत बसले होते. तांदळाचं ताट एकेकीपुढे फिरत आलं. माझ्यापुढे आलं आणि माझी चुलतसासू म्हणाली, "तिला नगं. तिनं रबर लावून कूस बांधून घेतलीया." ताट पुढच्या बाईकडे गेलं. मी मांडीवरच्या मुलीचे केस नीट करत बसले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. जेवणाची पानं मांडली जात होती. त्यांनी माझं मनगट धरलं, मुलीला काखेत मारलं आणि ताठ मानेनं आम्हाला बाहेर आणलं. घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला आणि नवस बोलल्या.

एक नवस बोलून थांबतील तर त्या आत्याबाई कसल्या! सोमवार महादेवाला दिला, मंगळवार देवीला. कुणीतरी सांगितलं म्हणून गुरुवार दत्ताला. शुक्रवार जिवतीला, कारण ती तर लेकरांचीच देवता. शनिवारी मारुती आणि रविवारी खंडोबा, कारण तो घरचा देव, त्याला वगळून कसं चालेल? शिवाय एकादशी, चतुर्थी, पुनव, अवस. हे सगळं आम्ही दोघांनी पाळायचं. उपास तर होताच, पण नवसाच्या दिवशी नवरा-बायकोचं अंथरूण वेगळं, हा त्यांचा कायदा. ह्यांची वळकटी ओसरीवर गेली, माझी माजघरात आत्याबाईंच्या शेजारी. आम्ही दोघं निमूट पाळत होतो. मूल होण्यासाठी चाललंय, तर त्यात खोट कशाला काढायची, असाच आमचा विचार. इतकी वर्षं झाली तरी हे लिहिताना मला आमच्या अकलेचं कौतुक वाटतं!

अशानं आणखी काही महिने गेले. माझं खाणं सुटलं. एक दिवस आत्याबाईंनी पदर खोचला. "चल. तुझ्या त्या डाक्टरणीला इचारू दे मला, माझ्या सुनंचं काय केलंस म्हून." त्या भांडायला निघाल्या होत्या हे त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. नावाड्यानंही न बोलता नाव सोडली.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. आत्याबाईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, धाकट्या बहिणीची गोष्टसुद्धा. मग मला पडद्यामागे नेऊन बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन त्या आत्याबाईंसमोर बसल्या.

"मावशी, तुमच्या बहिणीचं जे झालं ते खरं आहे. वैदूच्या मुळ्यांनी आत जखम होते, पू होतो आणि मग वाट बुजते. तुमची भीती खोटी नाही. पण ही टोपी तसं काही करत नाही. ती आत असते तेवढाच वेळ अडवते. हिची तब्येत आज पहिल्या खेपेपेक्षा चांगली आहे. मला कुठेही खोट दिसत नाही."

"मग लेकरू का न्हाई?"

"एखादीला वेळ लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी सरळच विचारलं, नवरा-बायको एकत्र केव्हा असता? मी लाजून खाली बघितलं. उत्तर आत्याबाईंनी दिलं, अगदी अभिमानानं. एकेक वार, एकेक देव, एकेक तिथी बोटांवर सांगितली. एकही नवस मोडू दिला नाही, हेही सांगितलं.

डॉक्टरीणबाई ऐकत होत्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलायला लागला. "मग राहिलं काय, मावशी?"

"बुधवार हाय की मोकळा!"

"आणि बुधवारी मुलगा घरी असतो?"

"त्यो कसा आसंल? त्येला दर बुधवारी रातपाळी आसती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसल्या. एवढ्या मोजकं बोलणाऱ्या बाई, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "माझी टोपी एखाद्या वेळी फसते हो. तुमचा उपाय फसणं शक्य नाही!"

मला आधी कळलं. मग हसू फुटलं आणि मी ते दाबायला पाहिलं. आत्याबाईंना उलगडायला थोडा वेळ लागला. त्यांनी एकदा बोटांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तोफेसारखा त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"म्हंजी... म्याच?"

डॉक्टरीणबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी आत्याबाईंच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही मुलासाठीच केलंत, मावशी. आता थोडं कमी करा."

परत येताना नावेत आत्याबाई पाण्याकडे बघत होत्या. माझी चिंता हलकी झाली होती, त्यांची सुरू झाली होती. देवाला दिलेला शब्द परत कसा घ्यायचा? नाव काठाला लागता लागता त्या स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "नवस म्या बोलले. उपास म्या करीन. तुमचं अंथरूण काय देवानं मागितलं न्हवतं." उतरताना त्यांनी माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून सगळे वार त्यांनी एकटीनं अंगावर घेतले. संध्याकाळी आपली वळकटी आणि माझी मुलगी काखोटीला मारून त्या गोठ्यात झोपायला गेल्या. ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "म्हशीला बरं न्हाई. ध्यान ठिवाया पायजे." म्हैस ठणठणीत होती. तरी हिवाळाभर ती आजारीच राहिली, आणि घरातल्या कुणीही तिच्या तब्येतीची चौकशी केली नाही. ह्यांनी मुकादमाच्या मागे लागून बुधवारची रातपाळी बदलून दिवसपाळी करून घेतली. कारण काय सांगितलं, ते त्यांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही.

हरभरा काढणीला आला तेव्हा माझी पाळी चुकली. मी आत्याबाईंना सांगितलं. त्या दळत होत्या. जात्याचा खुंटा तसाच धरून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता म्हैस बरी झाली म्हनायची."

दुसरं बाळंतपण दवाखान्यातच झालं, डॉक्टरीणबाईंच्या हातून, आणि सोपं झालं. पुन्हा मुलगी. मी घाबरत आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी तिला उलटीपालटी करून न्याहाळलं. "म्या देवाला लेकरू मागितलं हुतं. पोरगा का पोरगी, ते बोलायचं ऱ्हाऊनच गेलं," म्हणाल्या आणि तिची दृष्ट काढली.

बारशाला सगळी भावकी आली होती. ताट पुढे सरकवणारी चुलतसासूही होती, ती पाळण्याशी जागा धरून बसली होती. पाळणा झाला, नाव ठेवलं, मग माझी ओटी भरायची वेळ आली. आत्याबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. मी पदर पसरला. त्यांनी हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग कनवटीचं एक फडकं सोडलं आणि त्यातली पत्र्याची डबी सगळ्यांदेखत माझ्या ओटीत ठेवली. पवनेत गेली म्हणून आम्ही समजत होतो ती डबी. त्यांनी ती इतके दिवस जपून ठेवली होती.

बायकांमध्ये कुजबुज झाली. आत्याबाईंनी तिकडे लक्षही दिलं नाही. माझा पदर नीट खोचून देत त्या हळू म्हणाल्या, "पुन्यांदा अंग भरंस्तवर इसावा घे, पोरी. मला कुनी दिला न्हाई. अकरा झाली, त्यातल्या सातांची तोंडं मला आता आठवत बी न्हाईत."

मी सगळ्यांसमोर त्यांच्या गळ्यात पडले आणि रडले. ओटीतले तांदूळ जमिनीवर सांडले.

डबीतलं रबर उन्हाळ्यानं केव्हाच चिरलं होतं, ते काही कामाचं नव्हतं. घराबाहेर पडायची मुभा मिळाली तशी मी नवी टोपी आणायला बुधवारी नावेत बसले, तर आत्याबाई माझ्याआधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून, माझी चुलतसासू आपल्या सुनेला घेऊन बसली होती.